नवेगांव बांधावर आर्द्रेचें दर्शन

भंडारा जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग वेगळा काढून १९९९ च्या मे महिन्यांत गोंदिया जिल्हा करण्यांत आला. तांदळाच्या गिरण्या, विडीचा धंदा आणि रेल्वेचें मोठें जंक्शन एवढ्यावरच बाहेरचे लोक ह्या भागाची ओळख पुरी करतात. परंतु गोंदियाहून दक्षिणेस वीस कोस गेल्यावांचून ह्या प्रदेशाचें खरें रूप दृष्टीस पडत नाहीं. भाताच्या बांध्या, मधून मधून मोहाचीं व पळसाचीं झाडें, आणि मान वळवावी तिकडे पाण्याची एखादी चकाकती पट्टी, अशी ही भूमि आहे. हीं सर्व तळीं निसर्गानें दिलेलीं नव्हत. कोहळी समाजाच्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या माती वाहून, दोन टेकड्यांमधील खिंडी बुजवून, तीं निर्माण केलीं. मालगुजारी तलाव म्हणून तीं आजही ओळखलीं जातात.

नवेगांव बांध हा ह्या तळ्यांचा राजा. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी ह्यानें तो घातला असें सांगतात. हा कोलू पाटील पुढें देवत्व पावून कोलासूर झाला आणि जवळच्या टेकडीवर त्याचें ठाणें झालें. तळ्याभोंवतालच्या शिखरांस ‘सात बहिणी’ म्हणतात. बांध घालण्याच्या कामीं त्यांनीं पाटलास साहाय्य केलें अशी समजूत आहे. (आमच्याबरोबरच्या मुलांनीं ह्या बहिणींचें नातें लगेच आकाशांतील कृत्तिकांशीं जोडून टाकलें, त्यास आमचा इलाज नव्हता.) १९७५ त येथें राष्ट्रीय उद्यान झालें व २०१३ त नवेगांव-नागझिरा हें व्याघ्रक्षेत्र म्हणून घोषित झालें. अरण्याचे जाणते लेखक कै. मारुती चितमपल्ली ह्यांचें वनाधिकारी म्हणून येथें दीर्घ वास्तव्य होतें, आणि हिंवाळ्यांत येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांकरितां तर हें तळें सर्वांस परिचित आहे.

आमचें प्रयोजन मात्र पक्षी नव्हते. नागपुरांतील आमच्या गच्चीवरून आतां मोठे मोठे तारेसुद्धां ओळखणें कठीण झालें आहे. दिव्यांच्या उजेडानें आकाश ताकासारखें पांढुरकें दिसतें. तेव्हां पौषांतील अमावास्येच्या दोन दिवस आधीं आम्ही घरचीं नऊ माणसें आणि शेजारचे एक निवृत्त शास्त्रशिक्षक, ज्यांना लहानथोर सारेच गुरुजी म्हणतात, अशीं नवेगांवास येऊन राहिलों. रात्रीं अरण्यांत फिरण्यास अर्थातच मनाई आहे. पण गांवाच्या बाजूस मोकळी जागा पुष्कळ. आठाच्या सुमारास घोंगड्या पसरून बसलों, आणि पांच मिनिटांत आमची आजी म्हणाली, “अग बाई, हें आकाश मीं लग्नाआधीं माहेरीं पाहिलें होतें.”

पूर्वेस मृग चांगला वर आला होता. ह्या मृगाची कथा आमच्या वाचकांस सांगावयास नको. प्रजापति मृगरूपानें रोहिणीमागें धांवला, रुद्रानें व्याधरूपानें त्यास बाण मारला, आणि तो तीन कांडांचा बाण अद्यापि त्याच्या अंगांत रुतलेला दिसतो, असें ऐतरेय ब्राह्मणांत आहे. लोकमान्यांनीं १८९३ त ‘ओरायन’ लिहिलें तें ह्याच नक्षत्राच्या आधारें. पण ज्या भूमीवर आम्ही बसलों होतों तेथें ह्याच ताऱ्यांची दुसरी वाचना आहे. मयंक वाहिया व गणेश हलकारे ह्यांनीं महाराष्ट्र, मध्यप्रदेश व आंध्र ह्या प्रांतांतील सुमारें १५ गोंड गांवांतून हिंडून तेथील आकाशविद्या टिपून घेतली व २०१३ त प्रसिद्ध केली. गोंडांस मृगाच्या ताऱ्यांत नांगर दिसतो. सप्तर्षींत खाट व ती पळवूं पाहणारे चोर दिसतात. शेतकऱ्याच्या डोळ्यांस शिकाऱ्याऐवजीं नांगर दिसावा ह्यांत नवल तें काय?

मृगाच्या वरच्या डाव्या अंगास जो तांबूस तारा आहे तीच आर्द्रा. कोणी तिला काक्षी म्हणतात. हिची देवता रुद्र. भातशेती करणाऱ्या ह्या मुलखांत आर्द्रा हें नांव आबालवृद्धांच्या तोंडीं असतें, कारण २१-२२ जूनच्या सुमारास सूर्य आर्द्रेंत शिरला म्हणजे पावसाची व रोवणीची चिंता सुरू होते. गंमत अशी कीं, ज्या दिवसांत आर्द्रेचें नांव घरोघर घेतलें जातें त्याच दिवसांत ती सूर्याच्या तेजांत बुडालेली असल्यामुळें डोळ्यांस दिसूं शकत नाहीं. ती पाहावयाची ती हिंवाळ्यांत.

आम्हीं नवेगांव गांठलें तें हिच्यासाठीं. आर्द्रा ही रूपविकारी तारका आहे, म्हणजे तिचें तेज कमीजास्त होत असतें. जॉन हर्शेल ह्या इंग्रज ज्योतिषानें १८३६ त हें प्रथम नीट नोंदलें. २०१९ च्या अखेरीपासून ती एकाएकीं इतकी फिकी पडूं लागली कीं फेब्रुवारी २०२० त तिची प्रत १.६ पर्यंत उतरली. (प्रतीचा आंकडा जितका मोठा तितका तारा मंद, एरव्हीं हिची प्रत अर्ध्याच्या आसपास असते.) मृगाचा दुसरा खांदा, जो एरव्हीं तिच्यापुढें अगदींच साधा वाटतो, तो त्या महिन्यांत तिच्या बरोबरीचा दिसत होता. पुढील अभ्यासांत असें ठरलें कीं ताऱ्यानें आपल्या पृष्ठावरून वायूचा एक लोट बाहेर फेंकला, तो निवून त्याची धूळ झाली आणि त्या धुळीच्या पडद्याआड तारा कांहीं काळ झांकला गेला. हा अपघाताचा प्रकार झाला. त्याखेरीज आर्द्रेला दोन नियमित फेरे आहेत. एक सुमारें ४०० दिवसांचा आणि दुसरा सुमारें २१०० दिवसांचा, म्हणजे पावणेसहा वर्षांचा.

पहिल्या फेऱ्याचें कारण आमच्या सौ. वहिनींना गुरुजींनीं स्वयंपाकघरांतल्या भाषेंत सांगितलें, तेंच येथें देतों. पातेल्यावर झांकण घट्ट बसवून आंत पाणी उकळत ठेवलें, तर वाफ कोंडते, झांकण उचललें जातें, वाफ निसटते, झांकण पुनः खालीं बसतें, आणि पुनः वाफ कोंडूं लागते. ताऱ्याच्या अंगांत असाच एक थर असतो. तो दाबला गेला म्हणजे अपारदर्शक होऊन आंतील उष्णता अडवून धरतो. त्या कोंडलेल्या उष्णतेनें तारा फुगतो. फुगल्यावर थर विरळ होऊन उष्णतेस वाट देतो आणि तारा पुनः आंत बसतो. आर्थर एडिंग्टन ह्यांनीं १९१७ पासून ह्या उपपत्तीचा पाया घातला; हें झांकणाचें काम नेमका कोणता वायु करतो तें १९५० नंतर रशियन शास्त्रज्ञ झेवाकिन ह्यांच्या गणितानें उलगडलें. मोजक्या दिवसांत स्पंदन पावणाऱ्या ताऱ्यांत तो हेलियम, आणि आर्द्रेसारख्या थंड तांबड्या ताऱ्यांत मुख्यत्वें हायड्रोजन. तारा जितका विरल तितका त्याचा श्वास संथ. म्हणून आर्द्रेस एका श्वासाला वर्षाहून अधिक काळ लागतो.

येथवर सारें सुरळीत आहे. अडचण आहे ती दुसऱ्या फेऱ्याची.

तंबोऱ्याची तार छेडली असतां जो खर्ज निघतो त्याबरोबर वरचे सूक्ष्म स्वरही निघतात. पण ती तार तशीच ठेवून खर्जाच्याही खालचा स्वर तिच्यांतून कोणी काढूं म्हणेल तर तो निघणार नाहीं. ताऱ्याच्या फुगण्या-आंवळण्याचेंही असेंच आहे. सबंध तारा एकदम आंतबाहेर होणें हा त्याचा खर्ज. ह्याहून सावकाश असा स्पंदनाचा प्रकार त्याला नाहीं. आतां ४०० दिवसांचा फेरा हाच जर आर्द्रेचा खर्ज असेल, तर २१०० दिवसांचा फेरा तिच्या अंगांतून निघूंच शकत नाहीं. त्याचें मूळ दुसरीकडे शोधावें लागेल. उलट २१०० दिवसांचा फेरा हाच खर्ज मानला, तर ४०० दिवसांचा हा वरचा स्वर ठरतो. परंतु इतका खोल खर्ज लागण्यास तारा आपल्या समजुतीहून पुष्कळच मोठा असला पाहिजे.

वाचकांस वाटेल, ह्या वादांत एवढें काय आहे? ह्यांत आर्द्रेच्या आयुष्याचा प्रश्न गुंतलेला आहे. २०२० त मेरिडिथ जॉयस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४०० दिवसांचा फेरा खर्ज धरून गणित केलें. त्याप्रमाणें आर्द्रेची त्रिज्या सूर्याच्या साडेसातशे पटींच्या आसपास येते. ती सूर्याच्या जागीं ठेवली तर मंगळाची कक्षा तिच्या पोटांत जाईल. अशा ताऱ्याच्या गाभ्यांत अद्यापि हेलियम जळत असतो व त्यापुढें सुमारें लाख वर्षांचें आयुष्य असतें. परंतु २०२३ त जपानी ज्योतिषी हिदेयुकी साइओ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसरा पक्ष घेतला. त्यांच्या मतें २१०० दिवस हाच खर्ज; मग तारा गुरूच्याही कक्षेबाहेर जाईल एवढा मोठा, त्याच्या गाभ्यांत कार्बन जळत आहे व तोही संपत आला आहे, आणि कांहीं दशकांतच त्याचा महास्फोट होऊं शकेल. एकाच फेऱ्याचा अर्थ एका बाजूनें लावला तर लाख वर्षें, दुसऱ्या बाजूनें लावला तर आमच्या पुतणीच्या हयातींत!

पुतणी बारा वर्षांची. तिनें विचारलें, “काका, मग हा तारा मीं म्हातारी होईपर्यंत राहील कीं नाहीं?” गुरुजींनीं तिला आठवण दिली कीं आर्द्रेचा प्रकाश साडेपांचशे ते सातशे वर्षें प्रवास करून येथें पोंचतो; तेव्हां जें काय व्हावयाचें तें कदाचित् होऊनही गेलें असेल आणि वार्ता वाटेंत असेल. ह्या उत्तरानें तिचें समाधान झालें नाहीं, आणि खरें म्हणजे आमचेंही झालें नाहीं.

हा वाद मोजमापानें सुटावयाचा तर ताऱ्याचा आकार निश्चित कळला पाहिजे. १९२० च्या डिसेंबरांत माउंट विल्सन येथील शंभर इंची दुर्बिणीवर मायकेलसन व पीझ ह्यांनीं आर्द्रेचा कोनीय व्यास मोजला. सूर्य सोडून कोणत्याही ताऱ्याचा व्यास मोजला जाण्याचा तो पहिलाच प्रसंग. पण कोनीय व्यासावरून खरा व्यास काढण्यास अंतर लागतें, आणि अंतराविषयीं अद्यापि एकवाक्यता नाहीं. म्हणून हा मार्ग अर्ध्यावरच थांबतो.

तेव्हां दुसरा मार्ग. दुसऱ्या दिवशीं सकाळीं बांधावरून चालतां चालतां गांवांतील एक वृद्ध गृहस्थ भेटले. ते सांगूं लागले कीं तळें दरवर्षीं आश्विनांत भरतें आणि वैशाखांत उतरतें, हा एक फेरा. पण मधूनच दोनतीन वर्षें अशीं येतात कीं भरतीही निम्म्यावर राहते, मग पुनः चारपांच वर्षें तुडुंब. आम्हीं सहज विचारलें, “तें कशामुळें, बाबाजी?” ते म्हणाले, “त्यांत तळ्याचा काय दोष? तें वरच्याचें काम आहे.” गुरुजी आमच्याकडे पाहून हंसले. आर्द्रेच्या दुसऱ्या फेऱ्याविषयीं आजचे बहुतेक ज्योतिषी ज्या मताकडे झुकले आहेत तें नेमकें हेंच आहे: पहिला फेरा ताऱ्याचा स्वतःचा, दुसरा बाहेरून आलेला.

बाहेरून म्हणजे कोठून? २०२४ त अमेरिकेंतील दोन निरनिराळ्या मंडळींनीं, एका बाजूस जेरेड गोल्डबर्ग व दुसऱ्या बाजूस मॉर्गन मॅक्लिओड ह्यांच्या पुढारीपणाखालीं, असें प्रतिपादिलें कीं आर्द्रेभोंवतीं एक लहान सोबती तारा सुमारें २१०० दिवसांत एक प्रदक्षिणा करीत असला पाहिजे. आगगाडी फलाटाकडे येतांना तिची शिटी चढी आणि दूर जातांना उतरती ऐकूं येते. तशाच रीतीनें ताऱ्याच्या वर्णपटांतील रेषांवरून तो आपल्याकडे येतो कीं दूर जातो तें कळतें. शंभराहून अधिक वर्षांच्या अशा नोंदींत आर्द्रा २१०० दिवसांच्या तालावर किंचित् पुढें-मागें झुलतांना दिसते. ह्या सोबत्याच्या येरझारीनें आर्द्रेभोंवतालची धूळ हलते. तो आपल्या बाजूस असतांना वाटेंतील धूळ दूर सारतो व आर्द्रा अधिक उजळ दिसते, असा गोल्डबर्ग ह्यांचा तर्क आहे. पुढें २०२४ च्या डिसेंबरांत हवाई बेटांतील जेमिनी नॉर्थ दुर्बिणीनें घेतलेल्या प्रतिमांत स्टीव्ह हॉवेल व सहकारी ह्यांना आर्द्रेच्या अगदीं लगत, तिच्याहून सहा प्रतींनीं, म्हणजे सुमारें अडीचशे पटींनीं मंद असा एक ठिपका आढळला. २०२५ च्या जुलैंत हें जाहीर झालें. आर्द्रेच्या पाश्चात्त्य नांवाचें मूळ अरबी भाषेंत आहे. म्हणून त्या सोबत्यासही ‘सिवारहा’ असें अरबी नांव सुचविण्यांत आलें. त्याचा अर्थ ‘तिचें कंकण’. सौ. वहिनींना ताऱ्यांच्या सगळ्या कथेंत हीच गोष्ट अधिक आवडली.

तथापि येथें घाई करूं नये. तो ठिपका इतका पुसट आहे कीं केवळ त्यावर विसंबून निकाल देतां येत नाहीं. जागा व तेज अपेक्षेशीं जुळतें, एवढेंच त्याचें बळ. सोबती आर्द्रेपासून पुनः अधिकांत अधिक दूर दिसेल तो २०२७ च्या नोव्हेंबरांत, आणि त्या वेळीं जगांतल्या मोठ्या दुर्बिणी त्या बाजूस वळतील ह्यांत संशय नाहीं. दुसरें असें कीं, दीर्घ फेरा हा एकट्या आर्द्रेचा गुण नव्हे. तांबड्या महाताऱ्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश ताऱ्यांत तो आढळतो. पोलंडमधील सोशिन्स्की व सहकारी ह्यांनीं २०२१ त अशा अनेक ताऱ्यांचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांस न दिसणाऱ्या उष्ण किरणांत अभ्यास केला. त्यांत असें दिसलें कीं दृश्य तेज एका फेऱ्यांत एकदां उतरतें, पण अवरक्त तेज पुष्कळांत दोनदां उतरतें. सोबती धुळीचा ढग घेऊन ताऱ्यासमोर आला म्हणजे तारा झांकतो; तोच ताऱ्यामागें गेला म्हणजे त्या तापलेल्या धुळीचा स्वतःचा उजेड झांकला जातो. युक्तिवाद सुबक आहे. मात्र चाणाक्ष वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं येथें सोबती समोर येतांच तारा मंद होतो आणि आर्द्रेच्या बाबतींत तो समोर येतांच उजळतो असें म्हणतात. दोहोंचा मेळ अजून बसावयाचा आहे. पृष्ठावरील प्रचंड उकळीच्या हालचालीनेंही असे फेरे होत असतील असें म्हणणारे आहेत. पण उकळी इतकी नियमानें ताल धरील हें आम्हांस तरी पटत नाहीं.

सोबत्याची उपपत्ति टिकली तर आमच्या पुतणीच्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यासारखें होतें. दुसरा फेरा ताऱ्याचा स्वतःचा नाहीं, म्हणजे तारा तेवढा मोठा नाहीं, म्हणजे त्याचा अंतही जवळ नाहीं. सोबत्याचा मात्र आहे. दहा हजार वर्षांच्या आंत आर्द्रा त्याला ओढून गिळील असा अंदाज आहे.

हीं दीर्घ फेऱ्यांचीं कोडीं सुटतात तीं एका रात्रीच्या निरीक्षणानें नव्हे. त्यास वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात, आणि अशा नोंदी करणारीं माणसें पुष्कळदां वेधशाळेंतलीं नसतातच. बंगालमधील जेसोर येथें राधागोविंद चंद्र नांवाचे गृहस्थ सरकारी खजिन्यांत नोकरीस होते. प्रवेशपरीक्षा त्यांना पास होतां आली नव्हती. दिवसा नाणीं पारखावीं आणि रात्रीं रूपविकारी तारे पाहावे, असा त्यांचा क्रम. १९१९ पासून १९५४ पर्यंत त्यांनीं ३७,००० हून अधिक नोंदी अमेरिकेंतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकसंघाकडे धाडल्या. त्या संघानें १९२६ त त्यांना सहा इंची दुर्बीण पाठविली. फाळणीनंतर गांव सोडावें लागलें तेव्हां तीही त्यांच्याबरोबर आली, आणि शेवटीं दक्षिणेंत कावलूरच्या वेधशाळेस गेली. महाराष्ट्रांतही पुण्यास १९४४ त स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांस हातीं धरून शिकवीत आली आहे.

दुसऱ्या रात्रीं आम्ही पहांटेपर्यंत जागलों. चारच्या पुढें आर्द्रा पश्चिमेच्या झाडींत उतरूं लागली आणि ईशान्येस अभिजित वर आला. त्याच्या शेजारीं, डोळ्यांस न दिसणारा पण साध्या द्विनेत्रीनें सांपडणारा एक लहान तारा आहे. स्वरमंडल ह्या तारकापुंजाच्या नांवानेंच तो ओळखला जातो. त्याचा श्वास अवघा साडेतेरा तासांचा, पण त्या श्वासाची खोली सुमारें ४० दिवसांच्या फेऱ्यानें वाढते व घटते. ह्या जातीच्या ताऱ्यांतील असा फेरा १९०७ त ब्लाझ्को नांवाच्या रशियन ज्योतिषानें प्रथम पाहिला. १९१६ त शॅप्ली ह्यांनीं तो ह्या ताऱ्यांत दाखविला. येथें सोबत्याचा पुरावा नाहीं. केप्लर नांवाच्या अवकाशदुर्बिणीनें २०१० च्या सुमारास ह्याच्यासारख्या ताऱ्यांत एक आड एक श्वास लहानमोठा असल्याचें दाखविलें, आणि त्यावरून खर्ज व एक फार वरचा स्वर एकमेकांशीं झगडतात असें गणितानें सुचविलें गेलें. कोणी चुंबकत्वाकडे बोट दाखवितात. शंभर वर्षें लोटलीं तरी निकाल नाहीं. गुरुजी म्हणाले, “आर्द्रेची गांठ सैल झाली, ही अजून घट्टच आहे.”

ज्या कुटुंबांत आकाशाची आवड आहे त्यांनीं आर्द्रेचें तेज घरीं टिपून ठेवावें. दुर्बिणीची गरज नाहीं. तिच्याहून थोडा उजळ प्रश्वा (प्रत ०.४) आणि थोडे मंद रोहिणी (०.९) व पुनर्वसूंतील तेजस्वी तारा (१.१) ह्यांच्याशीं ती ताडून पाहावी. तुलनेचे तारे क्षितिजापासून साधारण सारख्याच उंचीवर असतांना पाहावे, आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बसूं नये, कारण टक लावली कीं तो आहे त्याहून उजळ वाटूं लागतो. झटकन नजर टाकून निर्णय करावा. आठवड्यांतून एक नोंद पुरे. घरांतील प्रत्येकानें आपला आंकडा दुसऱ्यास न सांगतां लिहावा. आमच्या वहींत त्या रात्रीं आजीचा आंकडा आणि गुरुजींचा आंकडा एकच निघाला. मेच्या मध्यानंतर आर्द्रा संध्याप्रकाशांत दिसेनाशी होते आणि जुलैच्या अखेरीस पहांटे पूर्वेस पुनः उगवते. तेवढे आठवडे वहींत कोरे सोडावे.